लहान हॉल मोठा कसा वाटेल? फर्निचर आणि दिव्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भिंत पाडायची नाही, घर बदलायचं नाही, पण हॉल आहे त्याहून ऐसपैस वाटायला हवा, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. मापं फूट-इंचांत दिली आहेत. एक फूट म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर.

हॉल मापाने फार लहान नाही, तरी अंगावर येतो. असं का होतं?

डोळा काही टेप घेऊन मोजत नाही, तो खुणांवरून अंदाज बांधतो. फरशी भिंतीला मिळते ती रेघ, समोरचे दोन कोपरे, छताची कड आणि दारातून दिसणारी सगळ्यात लांबची वस्तू, या त्या खुणा. त्या सलग दिसल्या की खोलीचं खरं माप पदरात पडतं. झाकल्या गेल्या की नजर जिथे अडते तिथेच खोली संपते. दारातून आत येताच समोर उंच पाठीचा सोफा आडवा आला, तर त्याच्या मागचे चार फूट हिशेबातच येत नाहीत. कोपऱ्यात अंधार असेल तर तिथे कोपरा आहे हेही जाणवत नाही.

खुणा बदलल्या की लांबी किती बदलते, याचा एक जुना नमुना रोममधल्या पलाझ्झो स्पादा या वाड्यात आहे. फ्रान्चेस्को बोरोमिनी या वास्तुकाराने सतराव्या शतकाच्या मध्यात तिथे खांबांची एक वाट बांधली. ती आहे जेमतेम नऊ मीटरची. पण आत जाताना खांब बुटके होत जातात, फरशी चढत जाते, छत उतरत येतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती वाट तीन-चार पट लांब वाटते. टोकाचा पुतळा पुरुषभर उंचीचा भासतो, प्रत्यक्षात तो माणसाच्या कमरेलाही पोचत नाही. घरात असली करामत करायची गरज नाही. फरशीची कड उघडी ठेवणं, कोपरे उजळणं आणि नजरेला लांबवर जायला वाट देणं, एवढ्यावर आपलं बरंच काम होतं. खालची बहुतेक उत्तरं या तीन गोष्टींभोवतीच फिरतात.

मग सुरुवात कशापासून करायची? रंगापासून?

रंग सगळ्यात शेवटी. आधी मेजर टेप.

खोलीचा कच्चा नकाशा कागदावर काढा. दारं कुठल्या बाजूला आणि किती उघडतात, खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचीवर आहे, स्विचबोर्ड आणि प्लग पॉइंट कुठे आहेत, हे त्यात हवंच. लोक नेमके प्लग पॉइंट विसरतात, आणि मग दिव्याची वायर सोफ्यासमोरून ओढावी लागते.

नवा सोफा घ्यायचा असेल तर त्याच्या मापाची जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर पसरा, कडांना चिकटपट्टी लावा आणि दोन दिवस त्याभोवती वावरा. रोज कागदावर पाय पडत असेल तर तो सोफा त्या खोलीचा नाही. शोरूममध्ये सगळंच लहान दिसतं, कारण तिथलं छत उंच असतं आणि भिंती लांब असतात. तिथे नजरेने केलेला अंदाज घरी हमखास चुकतो.

दोन वस्तूंच्या मध्ये किती अंतर ठेवावं?

जाण्यायेण्याच्या मुख्य वाटेला अडीच ते तीन फूट. सोफा आणि टीपॉय यांच्यात १५ ते १८ इंच. याहून कमी ठेवलं तर गुडघे आपटतात, जास्त ठेवलं तर कप ठेवायला उठावं लागतं.

आता दहा फूट रुंदीचा हॉल धरू. म्हणजे १२० इंच. नेहमीचा सोफा ३६ इंच खोल, मग १६ इंच मोकळे, टीपॉय २० इंचांचं, चालायला ३० इंच, आणि समोर १६ इंच खोलीचं टीव्ही युनिट. बेरीज ११८. खोली काठोकाठ भरली. आता सोफा ३२ इंच खोलीचा घ्या, टीपॉयऐवजी १४ इंचांचं अरुंद बाकडं ठेवा आणि टीव्हीखाली १० इंचांचं भिंतीला टांगलेलं युनिट लावा. बसायच्या जागा तेवढ्याच राहिल्या, पण चालायची वाट ३० वरून ४६ इंचांवर गेली. एकेका वस्तूत चार-सहा इंच वाचवले की असा सव्वा-दीड फूट हाती लागतो, आणि तेवढ्याने खोलीत शिरतानाचा अनुभव पार बदलतो.

छोट्या खोलीत छोटं-छोटंच फर्निचर घ्यावं ना?

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. एक लहान सोफा, दोन बुटक्या खुर्च्या, दोन स्टुलं, एक कोपऱ्यातलं टेबल आणि एक मोढा असं जमवलं की जमिनीवर पायांचं जंगल होतं. नजर प्रत्येक वस्तूपाशी थांबते. त्यापेक्षा तिघांना नीट बसता येईल असा एक सोफा आणि एकच हलकी खुर्ची बरी.

कपात करायची ती वस्तूच्या अंगलटीत करा. सोफ्याचे हात पाहा. बऱ्याच सोफ्यांचे हात नऊ-नऊ इंच रुंद असतात. ७८ इंचांच्या सोफ्यात बसायला उरतात ६० इंच. हात चार इंचांचे असतील तर तीच बैठक ६८ इंचांत बसते. त्या जाड हातांवर कोणी बसत नाही, फार तर रिमोट ठेवतात. पाठही पाहा. जमिनीपासून ३० ते ३२ इंचांवर संपणारी पाठ बसायला पुरते आणि नजरेला आड येत नाही. मान टेकवून टीव्ही पाहायची सवय असेल तर मात्र दुकानात दहा मिनिटं बसून बघा. खोली मोठी दिसावी म्हणून मान आखडून घेण्यात काही अर्थ नाही.

सगळं भिंतीला टेकवून ठेवलं की मधे जास्त जागा मिळते, बरोबर?

मिळते, पण दर वेळी तिचा उपयोग होतो असं नाही. दहा फुटांच्या हॉलमध्ये सोफा भिंतीलाच हवा, तिथे पर्याय नाही. तरी त्याची पाठ भिंतीपासून दोन-तीन इंच सुटी ठेवा. पडद्याला पडायला जागा राहते, भिंतीला डाग पडत नाहीत, आणि सोफ्यामागे सावलीची एक बारीक रेघ उमटते, तिच्यामुळे भिंत मागे सरकल्यासारखी वाटते.

खुर्ची मात्र भिंतीला चिकटवू नका. ती थोडी तिरपी, कोपऱ्यापासून फूटभर पुढे ठेवली की मागचा कोपरा उघडा होतो. चारी भिंतींना वस्तू टेकवल्या की मधली मोकळी फरशी प्रतीक्षालयासारखी दिसते, आणि फरशीची कड, जी दिसायला हवी होती, तीच सगळीकडून झाकली जाते.

एल आकाराचा सोफा चालेल का?

दाराच्या समोरच्या कोपऱ्यात बसत असेल आणि त्याची लांब बाजू वाटेत येत नसेल तर चालेल. उलट दोन सोफ्यांपेक्षा तो कमी जागा खातो. पण दाराकडे पाठ करून बसवला तर खोलीचे दोन तुकडे झालेच म्हणून समजा. आणखी एक गोष्ट: एलच्या आतल्या कोपऱ्यात प्रत्यक्षात कोणी बसत नाही, तिथे उशा साचतात. दुकानदार सहा जणांचा म्हणाला की पाच धरा.

पाय असलेलं फर्निचर घ्या असं सांगतात. त्याने खरंच फरक पडतो?

पडतो. सोफ्याखाली सहा इंच उघडे असले की फरशी त्याच्या खालून भिंतीपर्यंत जाताना दिसते. जमिनीला टेकलेला खोका तेवढी फरशी गिळतो. टीव्ही युनिट भिंतीला टांगण्याचं कारणही हेच. जमिनीपासून दहा-बारा इंच वर टांगा, झाडू-पोछाही सहज आत जातो. मात्र ते विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर योग्य फास्टनर वापरूनच लावा. पोकळ पार्टिशनवर फक्त स्क्रूच्या भरवशावर टांगू नका.

एवढं करून सोफ्याखाली चपलांचे खोके आणि जुन्या बॅगा सरकवल्या तर केलेलं सगळं पाण्यात.

सामानच इतकं आहे, ते ठेवायचं कुठे?

एका भिंतीवर, आणि फक्त एकाच. जमिनीपासून छतापर्यंत, भिंतीच्याच रंगाचं, बंद दारांचं कपाट करा. कपाटाची खोली १२ ते १४ इंच पुरते. पुस्तकांना दहा इंचसुद्धा चालतात. छतापर्यंत गेलेलं कपाट काही दिवसांनी डोळ्यांना भिंतच वाटू लागतं. पाच फुटांवर थांबलेल्या कपाटाच्या डोक्यावर मात्र महिनाभरात बॅगा, रिकामे डबे आणि पिशव्या चढतात.

हँडल न लावता दाराच्या कडेला बोट घालण्यापुरती खाच ठेवली तर कपाट आणखी शांत दिसतं. उघडी फळी ठेवायचीच असेल तर एखादीच, आणि तिच्यावर मोजकंच. उघड्या फळ्यांची पूर्ण भिंत छायाचित्रात देखणी दिसते, कारण छायाचित्रातल्या घरात चार्जर, औषधं आणि वीजबिलं नसतात.

उंच कपाट वरच्या बाजूने भिंतीला अडकवलेलं असू द्या. लहान मुलं फळ्यांवर चढतात आणि कपाट पुढे कलंडतं.

काचेचं टीपॉय घेऊ का?

काच आरपार दिसते, त्यामुळे टीपॉय जवळजवळ नाहीसं होतं, हे खरं. टफन्ड काच हवी, कडा गोल हव्यात, आणि रोज पुसायची तयारी हवी. बोटांचे ठसे सकाळच्या उन्हात फार उठून दिसतात. नसेल जमत तर एकात एक सरकणारी दोन-तीन टेबलं घ्या. एरवी एकाची जागा, पाहुणे आले की तीन.

टीव्ही किती मोठा घ्यावा?

आजच्या स्क्रीनसाठी ढोबळ नियम असा: तिरप्या मापाच्या दीडपट अंतर. ४३ इंची टीव्हीसाठी साधारण साडेपाच फूट, ५५ इंचीसाठी सात फूट. दहा फुटांच्या हॉलमध्ये दोन्ही बसतात. अडचण येते ती टीव्ही बंद असताना, कारण मग भिंतीवर एक मोठा काळा चौकोन उरतो. त्याच्या मागची भिंत थोड्या गडद रंगाची ठेवली तर तो तिच्यात मिसळतो. आणि टीव्ही फार वर लावू नका. स्क्रीनचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास हवा.

हॉलमध्ये एक ट्यूबलाइट आहे, उजेड भरपूर आहे. तरी खोली लहानच वाटते.

उजेड पुरेसा असेल, पण तो पडतो कुठे ते पाहा. एका भिंतीवरची एकच ट्यूब खोलीचा मधला भाग उजळते. समोरचे कोपरे, पडद्यामागचा भाग, कपाटाची बाजू हे सगळं करड्या सावलीत राहतं. डोळा उजळलेल्या भागालाच खोली समजतो. म्हणून वॅट वाढवण्यापेक्षा दिव्यांच्या जागा वाढवा.

हिशेब असा. दिवा किती उजेड देतो ते ल्युमेनमध्ये मोजतात, आणि एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की तो एक लक्स. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. बसण्याउठण्यासाठी १५० लक्सच्या आसपास उजेड बरा वाटतो, म्हणजे प्रत्यक्ष पोचायला हवेत सुमारे १,७०० ल्युमेन. शेड, भिंती आणि धूळ यांत काही जातात, म्हणून २,५०० धरा. ९ वॅटचा एलईडी बल्ब ८०० ते ९०० ल्युमेन देतो. म्हणजे तीन बल्ब. एकाच झुंबरात तिन्ही लावले तर ल्युमेन तेवढेच, पण कोपरे काळेच. एक छताला, एक दारासमोरच्या लांबच्या कोपऱ्यात उभ्या दिव्यात, आणि एक सोफ्याशेजारी लावला, तर त्याच २७ वॅटांत खोली तिन्ही बाजूंनी उलगडते.

यातला लांबच्या कोपऱ्यातला दिवा सगळ्यात महत्त्वाचा. दार उघडलं की नजर आधी उजेडाकडे जाते, म्हणजे खोलीच्या पार टोकाला जाते. त्या दिव्याची शेड वरून उघडी असू द्या, म्हणजे छताचा कोपराही उजळेल. पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर मी हाच घेईन.

वाचायला ३०० ते ५०० लक्स लागतात, पण त्यासाठी अख्खी खोली लख्ख करायची गरज नाही. दिवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो.

पांढरा उजेड की पिवळा?

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २,७०० ते ३,००० म्हणजे उबदार पिवळसर, ४,००० म्हणजे मधला, ६,५०० म्हणजे निळसर पांढरा. निळसर पांढऱ्यात खोली मोठी दिसते असा समज आहे. ती जास्त लख्ख दिसते एवढंच, आणि रात्री दुकानासारखी वाटते. हॉलला ३,००० ठीक, फार तर ४,०००. खरी खबरदारी दुसरीच आहे: एका खोलीत दोन तऱ्हेचे दिवे एकदम लावू नका. एक भिंत पिवळी आणि एक निळसर दिसली की खोलीचे तुकडे पडतात.

खोक्यावर सीआरआय हा आकडाही शोधा, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. ८० हून कमी नको, ९० मिळाला तर उत्तम. तो कमी असेल तर लाकूड आणि माणसांचे चेहरे दोन्ही निस्तेज दिसतात.

फॉल्स सीलिंग करून कोव्ह लाइट, म्हणजे छताच्या खाचेत लपवलेले दिवे, लावले तर?

छत साडेनऊ-दहा फुटांवर असेल तर विचार करा. नऊ फूट किंवा त्याहून कमी असेल तर माझा सल्ला नको असाच आहे. चौकट, बोर्ड आणि वायरिंग मिळून चार-सहा इंच सहज जातात, कोव्हची खाच धरली तर आणखी. लहान खोलीत उंची हीच शिल्लक संपत्ती असते, ती का उधळायची?

हवाच असेल तर भिंतीकडेने एक अरुंद पट्टी करा आणि मधलं छत तसंच राहू द्या. एलईडी पट्टी आणि छत यांच्यात निदान चार-पाच इंच अंतर हवं, नाहीतर उजेड पसरत नाही, नुसती एक झगझगीत रेघ दिसते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे उंच कपाटाच्या वर किंवा पडद्याच्या पेल्मेटमागे (रॉड झाकणाऱ्या फळीमागे) पट्टी लावणं. छत उजळतं, फोडाफोड नाही.

छतात बसवायचे गोल डाउनलाइट खोलीच्या मध्यावर रांगेत लावले तर जमिनीवर उजेडाची वर्तुळं पडतात आणि भिंतींचा वरचा भाग काळवंडतो. भिंतीपासून दीड-दोन फुटांवर लावले तर उजेड भिंतीवरून खाली वाहतो. भिंत उजळली की ती लांब गेल्यासारखी वाटते.

छताच्या पंख्यामुळे उजेड लुकलुकतो. काय करावं?

दिवा पंख्याच्या पात्यांपेक्षा वर आहे म्हणून पाती उजेड कापतात, आणि छतावर व भिंतींवर सावल्या धावत राहतात. अशा खोलीत बसून डोकं दुखतं. पात्यांच्या पातळीखाली, भिंतीवर किंवा उभ्या स्टँडवर दिवे घ्या. पंख्याचा दांडा लहान करायचा असेल तर पाती जमिनीपासून निदान सात फूट उंच आणि छतापासून आठ-दहा इंच खाली राहतील असं पाहा. छताला फार चिकटला तर पंखा वारा ओढू शकत नाही.

आरसा लावला की खोली दुप्पट दिसते म्हणतात. कुठे लावावा?

सपाट आरशात प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर दिसते जितकी वस्तू पुढे असते. समोरची भिंत आठ फुटांवर असेल तर आरशात ती आणखी आठ फूट आत दिसते. म्हणजे दुप्पट हा शब्द अगदीच खोटा नाही. पण आरसा निवड करत नाही. समोर पसारा असेल तर पसाराही दुप्पट.

त्यामुळे खिळा ठोकायच्या आधी कोणाला तरी आरसा भिंतीशी धरायला सांगा आणि सोफ्यावर, खुर्चीवर, दारात असं तिन्ही ठिकाणी जाऊन त्यात काय दिसतं ते पाहा. खिडकी किंवा बाहेरचं आकाश दिसलं तर जागा पक्की. स्वयंपाकघराचं दार, चपलांचं कपाट किंवा उघडा बल्ब दिसला तर जागा बदला. सहसा खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर, खिडकीजवळच, आरसा चांगला बसतो, कारण तिथे उजेड तिरपा येऊन खोलीच्या आतल्या अंगाला जातो. खिडकीच्या थेट समोर लावला तर उजेड पुष्कळसा आल्या वाटेने परत जातो आणि दुपारी डोळ्यांवर तिरीप येते.

एक मोठा आरसा घ्या. तुकड्या-तुकड्यांचे सजावटी आरसे प्रतिमा फोडतात आणि खोली आणखी गजबजते. याला एक सुरेख अपवाद आहे. लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्स या चौकात वास्तुकार जॉन सोन यांचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. त्यातली नाश्त्याची खोली लहानशी. त्यांनी तिला घुमटाकार छत दिलं, बाजूंनी वरून लपवलेला उजेड आत सोडला आणि ठिकठिकाणी लहान बहिर्गोल आरसे बसवले. त्या प्रत्येकात सगळी खोली बारीक होऊन दिसते. पण तिथे आरशाइतकंच काम वरून येणारा तो उजेड करतो. नुसते आरसे उचलून आणले तर तो परिणाम साधणार नाही.

सगळ्या भिंती पांढऱ्याच कराव्या लागतील का?

नाही. फिका रंग उजेड परत फेकतो हे खरं. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून जास्त परावर्तित करतो, गडद रंग त्याचा एक छोटा हिस्सा. पण ज्या हॉलला दिवसाचा उजेडच येत नाही, तिथे पांढऱ्या भिंती मळकट करड्या दिसतात. तिथे साय, फिकट मातकट किंवा फिका पिस्ता जास्त जिवंत वाटतो.

छताबद्दल एक गमतीची गोष्ट. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली आभासी खोल्या दाखवून एक प्रयोग प्रसिद्ध केला. छत जितकं फिकं तितकी खोली उंच वाटली, आणि भिंती फिक्या असल्या तरी उंच वाटली. मात्र छत आणि भिंत यांच्या रंगांतल्या फरकाने उंची वाढत नव्हती, आणि फरशीच्या रंगाने उंचीत काही फरक पडला नाही. म्हणजे आधीची गडद फरशी उखडायची गरज नाही. छत आणि भिंती दोन्ही फिक्या ठेवा, एकच रंग लावला तरी चालेल.

स्कर्टिंग आणि दाराची चौकट भिंतीच्याच रंगात रंगवली की आडव्या-उभ्या रेघा कमी होतात आणि भिंत सलग दिसते. हे काम एका सुट्टीच्या दिवसात होतं. एक भिंत गडद करायचीच असेल तर सगळ्यात लांबची करू नका असं काही जण म्हणतात, काही जण नेमकी तीच करा म्हणतात. माझ्या मते तिच्यावर दिवा पाडणार असाल तर करा, नाहीतर सोडून द्या.

पडदे कसे असावेत?

रॉड खिडकीच्या चौकटीवर न लावता छताच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच जास्त लांब घ्या. मग पडदे उघडले की भिंतीवर गोळा होतात, काचेवर नाही, आणि पूर्ण खिडकीचा उजेड आत येतो. लांबी जमिनीपासून अर्धा इंच वर. खिडकीच्या चौकटीशीच संपणारे आखूड पडदे भिंत मधोमध कापतात. कापड भिंतीच्या रंगाच्या जवळचं. मोठ्या फुलांचा सोस असेल तर तो उशांच्या अभ्र्यांवर भागवा.

गालिचा घातला तर फरशी झाकली जाईल. मग नकोच का?

हवा, पण मोठा. टीपॉयखाली पिटुकला गालिचा टेबलावर पडलेल्या रुमालासारखा दिसतो. सोफ्याचे आणि खुर्चीचे पुढचे पाय त्यावर येतील एवढा घ्या, आणि भिंतींकडेने आठ-दहा इंच फरशी उघडी ठेवा. मोठा परवडत नसेल तर न घातलेला बरा.

हॉलमध्येच जेवणाचं टेबल आणि कामाची जागा बसवायची आहे.

टेबल एकच ठेवा. भिंतीला मिटून बसणारं किंवा पानं खाली पडणारं घ्या. मिटल्यावर ते दहा-बारा इंचांत बसतं. माणशी २४ इंच रुंदी धरून माप घ्या. खुर्च्या एकावर एक रचता येतील अशा. लॅपटॉप आणि कागद रात्री कपाटात गेले पाहिजेत. त्या टेबलावर वेगळा टांगता दिवा असेल तर जेवणाची जागा आपोआप वेगळी वाटते, पार्टिशन लागत नाही. आणि हॉलमध्ये जाळीचं पार्टिशन उभारायचा मोह होईल तेव्हा पहिला प्रश्न पुन्हा वाचा.

घर भाड्याचं आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही.

मग प्लगमध्ये लागणारे उभे दिवे, भिंतीला टेकवून ठेवायचा उंच आरसा आणि चौकटीत दाबून बसणारा पडद्याचा रॉड. टेकवलेला आरसा खालून घसरू नये म्हणून रबरी पट्टी लावा आणि वरून एखाद्या जड फर्निचरला बांधून टाका. घरात लहान मूल असेल तर टेकवता आरसा नकोच.

झाडं ठेवावीत का?

एकच उंच झाड, दिव्याजवळच्या कोपऱ्यात. पानांच्या सावल्या छतावर पडतात, छान दिसतं. खिडकीच्या कट्ट्यावर दहा कुंड्यांची रांग लावली तर उजेड बाहेरच राहतो.

सगळं ठरलं, सोफाही पसंत केला. पैसे देण्याआधी काय बघू?

तो घरात शिरेल का ते. इमारतीचं दार, लिफ्टची आतली लांबी-रुंदी-उंची, जिन्याचं वळण आणि घराचं दार, या चारही ठिकाणी टेप लावा. लिफ्टमध्ये सोफा उभा घालावा लागतो, म्हणून त्याची लांबी लिफ्टच्या उंचीशी ताडून बघा. जिन्याच्या वळणावर वरच्या पायऱ्यांचा उतार डोक्यावर येतो, तिथली उंची वेगळी मोजा. पाय निघतात का, पाठ सुटी होते का, हे दुकानात विचारा आणि तसं बिलावर लिहून घ्या. आणि दारात अगदी इंचभरासाठी अडलाच, तर पल्ला बिजागऱ्यांतून काढा. पल्ल्याच्या जाडीएवढी जागा, म्हणजे इंच-दीड इंच, बहुधा तिथेच मिळते.